पाचरीचा ठोका

गोदीतली माणसं त्याला घड्याळ म्हणत. त्याच्या मनगटावर मात्र जन्मात कधी घड्याळ दिसलं नाही. त्याला गरजच पडली नव्हती. मोठा ढोल गळ्यात अडकवून तो चालायला लागला की त्याचा पहिला ठोका जिथे पडे तिथे सगळ्या रांगेचा डावा पाय पडे. तो ठोका आज पडला तसाच उद्या पडायचा, आणि दहा वर्षांनीही तसाच. गोदीत चौतीस वर्षं तो ढोल वाजवत आला. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात गेले म्हणून ट्रंपेट गेली, पिपाणीवाले दोघे मुलांकडे राहायला गेले, पण ढोलाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

बँड मुळात नंतरचा. आधी ढोलच होता.

होडी पाण्याबाहेर काढणं म्हणजे काय असायचं, ते आता सांगून कोणाला खरं वाटत नाही. उतारावर ओंडके मांडायचे, होडी त्यांच्यावर चढवायची आणि दोन जाड दोरांना तीस-तीस माणसं लावून ती वर ओढायची. बाजूला ढोलवाला उभा. तो चार मोजायचा. एकवर ढोल, आणि ढोलासरशी साठ पाठी मागे. दोनवर दोर ताणून नुसता धरून ठेवायचा. तीनवर पाचरवाला होडीच्या बुडाखाली लाकडाची पाचर ठोकायचा, म्हणजे कमावलेलं वीतभर अंतर परत जाऊ नये. चारवर सगळ्यांनी श्वास घ्यायचा आणि मुठी पुढे सरकवायच्या. की परत एक. अशी वीत-वीत करत होडी सकाळपासून दुपारपर्यंत वर यायची.

घड्याळचा बाप पाचरवाला होता. गोदीतलं सगळ्यात वाईट काम ते. ओढणारी माणसं होडीच्या पुढे असतात, पाचरवाला होडीच्या मागे आणि खाली. बापाने ते वीस वर्षं केलं. पोराचा हात ढोलावर बसला तेव्हा त्याला फार अभिमान वाटला होता. माझ्या जिवाची दोरी आता माझ्याच पोराच्या हातात आहे, असं तो चारचौघांत सांगायचा.

आणि एका सकाळी पोराला शिंक आली.

वय एकोणीस. हात वर गेला होता, पुढचा ठोका एकचा होता, आणि नाकात काय गेलं देव जाणे. शिंक आली आणि हात हवेतच राहिला. अर्ध्या माणसांनी सवयीने ओढलं, अर्धी ढोलाची वाट बघत राहिली. दोर वाकडा झाला, मुठी सुटल्या, होडी मागे घसरली. खाली ओंडके सरकवणारे चौघे होते आणि बाप होता. होडी थांबली, पण थांबेपर्यंत बापाचा उजवा पाय गुडघ्याखाली ओंडक्यात सापडला होता. तो पुढे कापावाच लागला.

बाप त्याला कधी काही बोलला नाही. पोरानेही विषय काढला नाही. एका घरात, एका छपराखाली, पस्तीस वर्षं. त्या दिवसापासून घड्याळचा एकही पहिला ठोका चुकला नाही. तापात नाही, आईच्या मरणात नाही, स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे दोर ओढणारं यंत्र आलं, साठ माणसांचं काम एक बटण करू लागलं, तरी ढोल राहिला. मालकाने बँड काढून दिला. नवी होडी पाण्यात सोडताना, कोणी कामगार गेला तर त्याला पोचवताना, शाळांच्या कवायतीला, बँड पुढे आणि बँडच्या मधोमध ढोल. मग एक दिवस गोदीच बंद झाली. बँडची चार माणसं उरली आणि दोरखोली उरली. जुने दोर ठेवायची ती लांबोळकी खोली, ते तिथे सराव करायचे म्हणून कोणी त्यांच्याकडून परत मागितली नव्हती.

चार माणसं म्हणजे कोण? एक घड्याळ. दुसरा त्याचा धाकटा भाऊ. तो कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, वाजवायचा, आणि कागदावरचे सूर वाचता येणारा एकटाच, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. तिसरा शिंपी, क्लॅरिनेटवाला, ज्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार. चौथा न्हावी. तो बँडमधला नव्हे. तरुणपणी सात वर्षं प्रवासी जहाजावर लोकांचे केस कापायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. गोदी बंद झाल्यावर माणसं कमी पडली तेव्हा त्याला ओढून आणला होता.

किनाऱ्यावर नवं हॉटेल झालं. घड्याळची भाची तिथे चादरी धुवायच्या खात्यात लागली होती. तिनेच बातमी आणली. व्यवस्थापकाला संध्याकाळी बागेत वाजवायला माणसं हवी होती, पण त्याला कवायतीची गाणी नको होती. त्याला रेगे हवं होतं. परदेशी पाहुणे समुद्र बघितला की तेच मागतात, म्हणाला. मास्तर त्याला भेटून आला. सहा आठवडे मिळाले. सहाव्या शनिवारी चार गाणी वाजवून दाखवायची. जमलं तर वर्षभर रोजचं काम. नाही जमलं तर दोरखोलीला कुलूप लावायचं आणि शिंप्याने मशीनवर बसायचं, न्हाव्याने खुर्चीमागे उभं राहायचं. मास्तरला शाळेत शिकवण्या मिळाल्या असत्या. ज्याला ढोलाशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं असा एकटा घड्याळ होता. चौपन्नाव्या वर्षी तो घरी बसून काय करणार? गोदी बंद झाली तेव्हा पहिले दोन महिने तो रोज सकाळी ठरल्या वेळी उठायचा, अंघोळ करायचा, आणि मग दारात उभा राहून विचारायचा, आता काय. बायकोने भाजी चिरायला दिली तर तीही तालात चिरायचा. बायको म्हणायची, निदान ही तरी उलटी चिरा हो, माझं डोकं दुखायला लागलं.

रेगे काय असतं ते न्हाव्याला ठाऊक होतं. जहाज ज्या बेटांना लागायचं तिथे त्याने ते बंदरावर ऐकलं होतं, हातगाडीवर फळं विकणाऱ्यांच्या रेडिओतही ऐकलं होतं. पहिल्या दिवशी त्याने दोरखोलीत सगळ्यांना ते समजावलं. हॉटेलने दिलेला ड्रमसेट मध्ये मांडला होता. गळ्यात ढोल अडकवायची सवय असलेला घड्याळ त्या स्टुलावर असा बसला होता, जसा कोणी दुसऱ्याच्या घरी जेवायला बसतो. मोठा ड्रम आता पायाने वाजवायचा होता. न्हावी म्हणाला, चार मोजायचे. दोनवर आणि चारवर माझी गिटार, च्याक, च्याक. तीनवर तुमचा मोठा ड्रम, जोरात. आणि एकवर काही नाही.

घड्याळने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "काही नाही म्हणजे किती हळू?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

"पण सुरुवात कळणार कशी?"

"कळत नाही. तीच तर मजा आहे."

"मजा कोणाची?" घड्याळने विचारलं. शिंपी हसला. घड्याळ हसला नाही. त्याने विनोद केलेलाच नव्हता.

वाजवायला लागले. च्याक, च्याक. आणि एकवर धडाम.

न्हाव्याने हात वर केला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एकवर धडाम. तिसऱ्यांदा घड्याळने दात आवळले, मान खाली घातली, गुडघा हाताने दाबून धरला. तीनचा ठोका छान पडला. चार गेला. आणि एक आला तसा पाय आपोआप खाली गेला. झोपेत कूस बदलावी तसा.

बाकीच्यांचंही काही सरळ चाललं नव्हतं. शिंपी क्लॅरिनेट असा वाजवायचा की न्हाव्याला वाटे कुठूनतरी पाहुणा मंत्री येतोय. मास्तरची कॉर्नेट सावधान उभी. तिला विश्राम शिकवायला तीन आठवडे गेले. पण ते शिकले. ओठ सैल सोडणं, सूर थोडा उशिरा सोडणं, हे शिकता येतं. घड्याळचं तसं नव्हतं. त्याच्यासाठी मोकळा एक म्हणजे मोकळी जागा नव्हतीच. तो रिकामा गेला की त्याच्या पोटात काहीतरी सुटायचं आणि उतारावरून खाली जायला लागायचं, आणि त्याचा पाय ते धरायला धावायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? शिंक?

नाना उपाय केले. न्हावी समोर उभा राहून प्रत्येक एकला ओठांवर बोट ठेवू लागला, वर्गात गुरुजी ठेवतात तसं. मग ड्रममध्ये उशी कोंबली. मग घरी बायकोने दुखऱ्या पाठीला बांधायच्या पट्टीने त्याचा पाय स्टुलाला बांधला, आणि तीनवर पाय सोडायला गाठ कोण सोडणार यावरून नवरा-बायको दोघंही क्षणभर हसली. हसू ओसरल्यावर ती पट्टी सोडता सोडता म्हणाली, अहो, त्यांना सांगा ना, आमच्याकडे एक वाजतो म्हणून. त्यावर त्याने पाय तिच्या हातातून ओढून घेतला.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्याला एक युक्ती सापडली. पाय थांबला. मोठा ड्रम एकवर गप्प राहिला. घड्याळच्या कपाळावर घाम आला, पण दोन ओळी पार पडल्या. सगळे श्वास रोखून वाजवत होते. मग शिंप्याने क्लॅरिनेट तोंडातून काढली आणि खाली बघितलं. घड्याळच्या दुसऱ्या पायाची टाच लाकडी जमिनीवर पडत होती. ठक. ठक. एकवर.

"ढोल गप्प बसला," शिंपी म्हणाला, "तर आता फळी बोलते. घड्याळदादा, जित्याची खोड हो."

मेल्याशिवाय जात नाही, हे पुढचं तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. घड्याळ उठला, त्याने दोन्ही काठ्या स्टुलावर ठेवल्या, बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतून कोणी बोलवायला आलं नाही. त्यालाही आत जावंसं वाटेना.

पुढच्या सोमवारी दोरखोलीच्या फळीवर एक खोकं आलं. जेवणाच्या डब्याएवढं, पुठ्ठ्याच्या वेष्टनात. व्यवस्थापकाने पाठवलं होतं. त्यात तालाचं यंत्र होतं. हवा तो ताल लावा, बटण दाबा, ते रात्रंदिवस वाजवतं, चुकत नाही, थकत नाही. मास्तर म्हणाला, असू दे तिथेच, आपल्याला कशाला लागतंय. वेष्टन कोणी फोडलं नाही. पण त्या दिवसापासून घड्याळ वाजवताना फळीकडे पाठ करून बसू लागला, आणि स्टूल त्या बाजूला का फिरवलं हे कोणी विचारलं नाही.

शेवटच्या आठवड्यातला बुधवार. सराव चारला असायचा. घड्याळ तीनलाच निघाला. एकट्याने तासभर बसावं, माणसांसमोर लाज वाटते, एकटेपणी कदाचित जमेल, असं त्याच्या मनात होतं. गोदीचं मोडकं फाटक ओलांडून तो दोरखोलीपाशी आला आणि थांबला. आत वाजत होतं.

च्याक, च्याक. क्लॅरिनेट सैल, खुशालचेंडू. कॉर्नेट उशिरा येऊन अलगद बसणारी. आणि त्यांच्याखाली ड्रम. एक, मोकळा. दोन. तीन, धप्प. चार. एक, मोकळा. इतका सहज मोकळा, जसं तिथे कधी काही नव्हतंच. इतकं चांगलं त्यांनी त्याच्याबरोबर कधीच वाजवलं नव्हतं. घड्याळने खिडकीतून बघितलं नाही. पुठ्ठ्याचं वेष्टन दाराबाहेर कचऱ्याच्या डब्यात दुमडून ठेवलेलं त्याला दिसलं, तेवढं पुरे झालं. गाणं संपेपर्यंत तो उभा राहिला. अर्ध्यावर निघून जाणं त्याला बरोबर वाटलं नाही.

मग दार उघडून मास्तर बाहेर आला. भावाला समोर बघून त्याचा चेहरा पडला. काही खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं, पण ते त्याला जमलं नाही. लहानपणापासूनच जमत नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर…"

"नाहीतर काय ते मला कळतं," घड्याळ म्हणाला. "मला मोजता येतं."

तो घरी आला. बायको बाजारात गेली होती. परसात छप्पर होतं, त्याखाली खुंटीला जुना ढोल टांगलेला. होड्या ओढायच्या वेळचा तो ढोल, बापाच्याही आधीचा. त्याने तो खाली काढला, पालथा घालून मांडीवर घेतला. मग उठून स्वयंपाकघरातून सुरी आणली. त्याने रागाने काही केलं नाही. त्याच्या हालचाली नेहमीसारख्याच, मोजून केलेल्या होत्या. चौतीस वर्षं ज्याने त्याला पोसलं त्यानेच त्याला असं घडवलं होतं की आता तो कशाच्याच उपयोगाचा राहिला नव्हता. कातडं फाडलं की निदान घरात ते डोळ्यांसमोर राहणार नाही. एवढाच त्याचा विचार होता. त्याने टोक कातड्यावर टेकवलं.

"भाजी चिरायला सांगितलीय का सुनेने?"

बाप मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली, पायजम्याचा उजवा पाय वर दुमडून पिनेने टाचलेला. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा. दुपारी तो तिथेच बसायचा, इतका नेमाने की घरच्यांना तो दिसेनासा झाला होता.

घड्याळने टोक तसंच टेकवून धरलं.

"सुरी ठेव. बोथट आहे ती. ढोल फाटणार नाही, हातच कापशील."

त्याने सुरी ठेवली. आणि मग, तो काही सांगणार नव्हता, पण सांगून बसला. हॉटेल, शनिवार, खोकं, एकवर काही नाही, हे सगळं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. बापाने मध्ये एकदाही अडवलं नाही. फक्त तीनवर जोरात, असं पोरगा म्हणाला तेव्हा म्हाताऱ्याने मान वर केली.

"कशावर जोरात?"

"तीनवर."

"आणि एक रिकामा?"

"हो."

म्हातारा बराच वेळ परसातल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पस्तीस वर्षं तू या घरात मला पहिला ठोका ऐकवतो आहेस. जेवताना बोटाने, जिना चढताना टाचेने, झोपेत दातांनी. मी काय बहिरा आहे? कळलं मला पहिल्याच महिन्यात. पुरे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझी चूक."

घड्याळचे हात ढोलाच्या कडेवर घट्ट झाले. "बाबा, त्या दिवशी मी…"

"चुकलास. मी नाही म्हणतोय का? एक आलाच नाही. मी खाली होतो, मला तुझ्या आधी कळलं. वर बघितलं तर होडी परत येतेय." म्हाताऱ्याने हाताच्या तळव्याने होडी कशी आली ते दाखवलं, सावकाश, सपाट. "मग मी काय केलं? तुला कोणी सांगितलं नाही ना? तू तर तोंड झाकून बसला होतास. मी मोजत राहिलो. एक नव्हता, तरी मोजला. दोन. तीनवर पाचर मारली. जेवढं अंगात होतं तेवढ्याने. होडी पाचरीवर चढली आणि थांबली. पाय आत होता, तो गेला. मागे चौघं होते, ते घरी जेवायला गेले."



"तू दोर वाजवतोयस," म्हातारा म्हणाला. "या गाण्यात दोर नाही. पाचर वाजव."

मग त्याने कुबडी पुढे केली आणि पलंगाखालचा डबा आणायला सांगितलं. त्यात त्याचा लाकडी हातोडा होता, मूठ घामाने काळी झालेला. पोराच्या हातात तो देऊन त्याने ढोल बाजूला सरकवला आणि परसातल्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. एक मी करतो, तू तिकडे बघायचंच नाही, म्हणाला. त्याने उंबऱ्यावर बसल्या बसल्या हवेतला दोर धरला, आणि एकवर आवाज न करता पाठ मागे घेतली. तीनवर घड्याळने हातोडा मारला.

लगेच जमलं असं नाही. दहातल्या नऊ वेळा त्याचा हात एकवरच धावला. म्हातारा ओरडला नाही. तो दर वेळी नुसता पाठ सरळ करून परत बसायचा. उन्हं उतरली. बायको पिशव्या घेऊन आली, दोघांकडे बघितलं, आणि काही न विचारता आत गेली. थोड्या वेळाने तिने दोघांना चहा आणून दिला आणि तीही जरा दूर पाटावर बसली. तेव्हा दहातले पाच जमत होते. सहावा जमला तेव्हा घड्याळने हातोडा खाली ठेवला. 

"भीती जात नाही," तो म्हणाला. "एक मोकळा गेला की पोटात सुटतं ते. दर वेळी."

"जायची नाहीच ती. पाचर मारणाऱ्याला भीती वाटलीच पाहिजे," म्हातारा म्हणाला. "नाहीतर तो झोपेल."

गुरुवारी आणि शुक्रवारीही तेच. घड्याळ दोरखोलीकडे फिरकला नाही. मास्तर दोनदा दारावर येऊन गेला, वहिनीने त्याला दारातूनच परत पाठवलं. घरी आहेत पण भेटणार नाहीत, एवढंच सांगितलं. शुक्रवारी त्याने परसातून येणारा लाकडाचा आवाज ऐकला असणार, कारण तो फाटकापाशी थोडा वेळ घुटमळला. पण काय चाललंय ते त्याला कळलं नाही.

शनिवारी दुपारी चारला हॉटेलच्या बागेत ते चौघे उभे होते. पाहुणा एकही नव्हता. चाळीस पांढऱ्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, आणि एका खुर्चीवर व्यवस्थापक, हातात फोन. मागच्या दारात धुलाईखात्यातल्या तीन बायका, त्यांत भाची. ड्रमसेट मांडलेला. त्याच्या शेजारी एका उंच स्टुलावर ते खोकं, तार जोडून तयार. मास्तरने ते मांडताना भावाच्या नजरेला नजर दिली नव्हती. घड्याळ धुतलेला सदरा घालून आला होता. स्टुलावर बसला. काठ्या हातात घेतल्या. खोक्याला हात लावला नाही, मास्तरकडे बघितलंही नाही, आणि चार मोजून सुरू झाला.

एक.

काहीच नाही. पोटात ते सुटलं. उतारावरून खाली निघालं, जड, तेलकट बुडाचं, आणि तो खाली उभा होता. मागे चौघं. दोन. गिटारची च्याक. तो वाट बघत राहिला. पाय तसाच वर. तीनवर त्याने मारली.

धप्प.

थांबलं. चारला श्वास. परत एक, परत ते घसरलं, परत त्याने थांबवलं. न्हाव्याने गिटारवरून मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि घाईने परत समोर बघू लागला, जसं कोणाचं तान्हं झोपलेलं आहे आणि ते जागं होऊ नये.

मग मास्तरची जागा आली. आणि मास्तर आत येईना. तीस वर्षं तो भावाच्या पहिल्या ठोक्यावर पाय ठेवून गाण्यात शिरत आला होता. खोक्याबरोबर जमलं होतं, कारण खोक्याकडून त्याची काही अपेक्षाच नव्हती. पण समोर भाऊ बसला होता आणि भावाचा एक येत नव्हता. कॉर्नेट ओठाला लावलेली, डोळे मोठे. एक फेरी गेली. दुसरीही गेली. व्यवस्थापकाने फोनवरून मान वर केली.

घड्याळने ते बघितलं. त्याचा पाय अजून हवेतच होता, तिथून हलवायची त्याची हिंमत नव्हती. पुढच्या एकला त्याने नुसती हनुवटी खाली केली. आवाज नाही, टाच नाही. एवढीशी हनुवटी. आणि मास्तर आत आला.

चारही गाणी झाली. तिसऱ्यात घड्याळ एकदा चुकला. एकवर पाय पडला, धडाम, सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवर. त्याने डोळे मिटले. मोजत राहिला. दोन. तीनवर मारली. गाणं चालू राहिलं. शेवटच्या सुरानंतर मागच्या दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या रिकाम्या बागेत फार थोड्या वाटल्या.

व्यवस्थापक उठला, खिशात फोन ठेवला. म्हणाला की पाहुण्यांना आवडेल की नाही हे त्याला सांगता येत नाही. यंत्राने सफाई जास्त येते, हेही म्हणाला. मग ड्रमकडे बघत जरा थांबला, मान खाजवली. "यांच्या वाजवण्यात एक ओढ आहे," तो म्हणाला. "पडतंय की काय, असं वाटत राहतं. महिनाभर बघू. खोकं असू दे इथेच."

महिनाभर. वर्षभर नव्हे. शिंप्याने परत येताना हिशेबाने सांगितलं की फासावर चढवलेल्याला दोर बदलून देण्यापेक्षा हे बरंच बरं, आणि कोणी त्याला गप्प केलं नाही. न्हावी आणि तो पुढे गेले. मागे दोघे भाऊ. मास्तरला बरंच बोलायचं होतं. बुधवारबद्दल, खोक्याबद्दल. तो सुरुवात करायचा आणि थांबायचा. घड्याळ म्हणाला, खोकं वाईट वाजवत नाही. मास्तर म्हणाला, नाही, वाईट नाही. मग दोघेही चालत राहिले, आणि खूप पुढे गेल्यावर मास्तरच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे पाय एकत्र पडत नाहीत.

घरी म्हातारा उंबऱ्यावरच होता. उन्हं पार गेली होती तरी आत गेला नव्हता. घड्याळ त्याच्याजवळ खाली बसला.  घड्याळने सगळं सांगितलं. रिकाम्या खुर्च्यांची बाग, हनुवटी, तिसऱ्या गाण्यातली चूक, महिना.

"चुकल्यावर काय केलंस?"

"मोजत राहिलो."

म्हाताऱ्याने मान हलवली. उद्यापासून रोज का, असं त्याने विचारलं. रोज, घड्याळ म्हणाला. संध्याकाळी तीन तास. म्हणजे रोज तीन तास ते असंच सुटत राहणार, दर फेरीला, आणि कोणत्याही फेरीला ते थांबलं नाही तर शेजारी स्टुलावर खोकं तयार आहे. हे दोघांनाही कळत होतं. 

घड्याळने बापाच्या दुमडलेल्या पायजम्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांत त्याने तिकडे सरळ कधी बघितलं नव्हतं. पिन सुटत आली होती. त्याने ती काढली, कापड नीट दुमडलं आणि परत टाचली.